आज हेपारिनचा कितवा दिवस? आयसीयूत नव्याने लागलेल्यांसाठी एचआयटी ओळखण्याची पद्धत

पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही आयसीयूत रात्रपाळीला उभे राहा. दहा खाटा असतील तर त्यातल्या तीन-चार, कधी पाच पेशंटच्या प्लेटलेट्स कमी निघतात. कुणाला डेंग्यू, कुणाला मलेरिया, कुणाला लेप्टो, आणि बाकीच्यांना सेप्सिस. ह्याच गर्दीत कधीतरी एक पेशंट असा येतो, ज्याच्या प्लेटलेट्स आपणच दिलेल्या हेपारिनमुळे, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधामुळे, घसरलेल्या असतात. हेपारिन-इंड्यूस्ड थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे एचआयटी. आयसीयूत हेपारिन मिळालेल्या दोनशे-तीनशे पेशंटमागे एखाद्यालाच हा होतो. तो निसटला तर पाय जाऊ शकतो, जीव जाऊ शकतो. उलट प्रत्येक घसरणीला एचआयटी म्हणत सुटलं, तर ज्याला खरोखर हेपारिन हवं त्याचं ते बंद होतं आणि जास्त जोखमीचं औषध विनाकारण सुरू होतं.

हा लेख नवे आरएमओ, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि आयसीयूत नुकत्याच आलेल्या सिस्टर यांच्यासाठी आहे. मी नवी मुंबईत बरीच वर्षं आयसीयूचं काम करते आहे. माझं ठाम मत असं, की हा आजार लॅबमध्ये कमी आणि तारखांच्या तक्त्यावर जास्त सापडतो.

आधी दोन मिनिटं, हे होतं कसं

प्लेटलेट्समध्ये पीएफ-४ नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर धन भार असतो, हेपारिनवर ऋण. दोघं एकमेकांना चिकटतात आणि त्या जोडीचा आकार शरीराला परका वाटतो. काही जणांच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीजी अँटीबॉडी तयार होतात. अँटीबॉडी आणि ही जोडी मिळून प्लेटलेटवरच्या रिसेप्टरला पकडतात, प्लेटलेट पेटून उठते, आणखी पीएफ-४ सोडते, थ्रॉम्बिन भराभर तयार होतं आणि गुठळ्या होऊ लागतात.

म्हणजे प्लेटलेट्स कमी होतात त्या गुठळ्या होण्यात खर्ची पडून. म्हणून ह्या पेशंटना रक्तस्राव सहसा होत नाही, गुठळी होते. एचआयटी झालेल्यांपैकी साधारण तीस ते पन्नास टक्क्यांना ती होते. प्लेटलेट्स बहुतेक वेळा ४० ते ८० हजारांच्या आसपास येऊन थांबतात, २० हजारांच्या खाली क्वचितच जातात. आकडा ८ हजार असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी दुसरं कारण शोधा.

अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून घसरण हेपारिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसात सुरू होते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी प्लेटलेट्स थोड्या उतरून हेपारिन चालू असतानाच पुन्हा वर येतात, तो प्रकार वेगळा आणि निरुपद्रवी. त्यात अँटीबॉडीचा संबंध नसतो.

पायरी पहिली: आकडा खरा आहे का?

रात्री दोन वाजता लॅबमधून फोन येतो, "बेड सहा, प्लेटलेट ३२ हजार." धावपळ करण्याआधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीन त्या मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नमुना पुन्हा पाठवा. तिथे आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण त्या ट्यूबमध्ये द्रव जास्त असतो. ह्या पायरीला दहा मिनिटं लागतात आणि ती कधीच चुकवू नये.

पायरी दुसरी: तारखांचा तक्ता

एक कोरा कागद घ्या. संगणकावर आलेख असला तरी कागद घ्या, कारण संगणकावरच्या आलेखात हेपारिन दिसत नाही. वरच्या ओळीत तारखा लिहा. दुसऱ्या ओळीत प्लेटलेट्स. तिसऱ्या ओळीत हेपारिन: कुठलं, किती, कोणत्या वाटेने. चौथ्या ओळीत बाकीच्या घटना, म्हणजे ऑपरेशन, रक्त चढवलं, नवं अँटिबायोटिक, डायलिसिस, लाइन बदलली. हेपारिनचा पहिला डोस पडला तो दिवस शून्य.

समजा, मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेली चौसष्ट वर्षांची बाई आहे. शून्य दिवशी प्लेटलेट्स २.२ लाख. तिसऱ्या दिवशी २ लाख. ऑपरेशननंतर शरीर नेहमीच प्लेटलेट्स वाढवतं, म्हणून सातव्या दिवशी ३.४ लाख. आठव्या दिवशी २.४ लाख. नवव्या दिवशी १.५ लाख. नवव्या दिवसाच्या रिपोर्टवर लाल खूण नाही, कारण दीड लाख अजून नॉर्मलच्या रेषेवर आहे. राउंडला कुणी बोलत नाही. पण ३.४ वरून १.५ म्हणजे छप्पन्न टक्के घसरण, तीही दोन दिवसांत, आठव्या दिवशी सुरू झालेली. तक्ता समोर असता तर हा पेशंट आज सापडला असता, नाहीतर तो परवा सापडेल, कदाचित सुजलेला पाय घेऊन.

म्हणून दोन गोष्टी मनात पक्क्या करा. घसरण मोजायची ती हेपारिन सुरू झाल्यानंतरच्या सर्वांत वरच्या आकड्यापासून, रिपोर्टवरच्या नॉर्मल रेषेपासून नव्हे. आणि दिवस धरायचा तो घसरण सुरू झाली तेव्हाचा. आकडा एक लाखाखाली गेला तो दिवस इथे कामाचा नाही.

आयसीयूत ह्या तक्त्याचा आणखी एक उपयोग होतो. सेप्सिसमधल्या प्लेटलेट्स सहसा पहिल्या तीन-चार दिवसांत उतरतात आणि पेशंट सुधारला की वर चढतात. आता तुमचा पेशंट सुधारतोय, बीपी टिकवणारं नॉरॲड्रेनलिन कमी होतंय, लॅक्टेट उतरलंय, प्लेटलेट्स वर यायला लागल्या होत्या, आणि सातव्या-आठव्या दिवशी त्या पुन्हा कोसळल्या. एकदा उतरून, चढून, दुसऱ्यांदा उतरणारी ही रेघ मला सर्वांत जास्त जागं करते. हृदयाच्या ऑपरेशननंतरही हेच लागू आहे. बायपासनंतर पहिले तीन-चार दिवस प्लेटलेट्स कमी असणारच, चौथ्या-पाचव्या दिवसानंतरची दुसरी घसरण मात्र संशयाची.

पायरी तिसरी: लपलेलं हेपारिन शोधा

इथे सर्वांत जास्त चुका होतात. "मॅडम, ह्या पेशंटला हेपारिन नाहीच," असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. औषधांच्या चार्टवर ते नसतं, एवढाच त्याचा अर्थ. आर्टेरियल लाइनच्या प्रेशर बॅगमध्ये बघा. सेंट्रल लाइन आणि डायलिसिस कॅथेटरचे लॉक, म्हणजे नळी बंद होऊ नये म्हणून आत भरून ठेवलेला द्रव, बघा. डायलिसिसच्या सर्किटबद्दल टेक्निशियनला विचारा. काही कॅथेटरना हेपारिनचा लेपच असतो. क्लेक्सेन, म्हणजे एनॉक्सापॅरिन, हेही हेपारिनच. त्यात धोका साध्या हेपारिनपेक्षा बराच कमी, पण आहे.

आणि मग मागचे शंभर दिवस विचारा, कारण अँटीबॉडी रक्तात साधारण तेवढे दिवस टिकू शकतात. आपल्याकडे पेशंट सरळ येत नाही. आधी कल्याण किंवा कर्जतच्या छोट्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस, मग कुणाच्या ओळखीने ठाण्यात, मग बेड मिळत नाही म्हणून नवी मुंबईत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी दिलेलं असतं आणि रेफरन्सच्या चिठ्ठीवर "कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट" एवढंच असतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काका आले, दम लागत होता म्हणून. प्लेटलेट्स २.१ लाख. हेपारिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ८० हजार. मी ४टी गुण मोजले (ते कसे मोजायचे ते चौथ्या पायरीत येईल): घसरणीचे दोन, वेळेचा शून्य, कारण एकच दिवस झाला होता, गुठळी नाही म्हणून शून्य, अँटिबायोटिक चालू होतं म्हणून दुसऱ्या कारणांचा एक. एकूण तीन. एचआयटीची शक्यता कमी, असं लिहून मी पुढच्या बेडकडे गेले. दुपारी भेटीच्या वेळेत सिस्टरने बोलावलं. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी.

"काकू, मागच्या दोन-तीन महिन्यांत काकांना कुठे ॲडमिट केलं होतं का?"

"नाही हो. ॲडमिट कुठे? नुसती अँजिओग्राफी केली, संध्याकाळी घरी आणलं."

पिशवीत मेडिकलची बिलं होती, घडी घालून, रबर लावून ठेवलेली. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. चौथ्या ओळीवर हेपारिन २५,००० युनिटची व्हायल.

मनगटातून अँजिओग्राफी केली की हेपारिन सहसा दिलंच जातं. घरच्यांच्या लेखी ते ॲडमिट होणं नसतं, आणि आपण विचारतो ते फक्त ॲडमिट होण्याबद्दल. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या एका डोसने अँटीबॉडी तयार होऊन रक्तात फिरत होत्या. आमचं हेपारिन पडताच एका दिवसात प्लेटलेट्स कोसळल्या. वेळेचा शून्य पुसून तिथे दोन आले, बेरीज पाच झाली. संध्याकाळी डॉप्लरमध्ये डाव्या फेमोरल व्हेनमध्ये गुठळी सापडली. सात.

तेव्हापासून मी "ॲडमिट होते का" असं विचारत नाही. "अँजिओग्राफी, डायलिसिस, ऑपरेशन, पोटात घ्यायची छोटी इंजेक्शनं, ह्यातलं काही झालं का?" असं एकेक नाव घेऊन विचारते, आणि बिलांची पिशवी मागते. तुम्हीही मागा. ती पिशवी आपल्या रेफरन्सच्या चिठ्ठ्यांपेक्षा प्रामाणिक असते.

पायरी चौथी: ४टी गुण

चार प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण.

घसरण: निम्म्याहून जास्त आणि सर्वांत खालचा आकडा २० हजार किंवा वर असेल तर दोन. तीस ते पन्नास टक्के घसरण किंवा तळ १० ते १९ हजार असेल तर एक. त्याहून कमी घसरण, किंवा तळ १० हजारांच्या खाली, तर शून्य.

वेळ: पाच ते दहा दिवसांत स्पष्ट सुरुवात, किंवा गेल्या तीस दिवसांत हेपारिन मिळालेलं असून एका दिवसात घसरण, तर दोन. दहाव्या दिवसानंतर सुरुवात, किंवा मधले रिपोर्ट नसल्याने दिवस नक्की सांगता येत नाही, किंवा आधीचं हेपारिन तीस ते शंभर दिवसांपूर्वीचं आणि घसरण एका दिवसात, तर एक. आधी हेपारिन नसताना चार दिवसांच्या आत घसरण, तर शून्य.

गुठळी: नवी सिद्ध झालेली गुठळी, इंजेक्शनच्या जागी त्वचा काळी पडणं, किंवा शिरेतून हेपारिनचा बोलस दिल्याबरोबर थंडी, ताप, धाप असा त्रास, तर दोन. जुनी गुठळी वाढली, इंजेक्शनच्या जागी लाल चट्टे, किंवा नुसता संशय, तर एक.

दुसरं कारण: काहीच दिसत नाही तर दोन, शक्यता आहे तर एक, नक्की आहे तर शून्य.

बेरीज तीनपर्यंत असेल तर शक्यता कमी, चार-पाच मध्यम, सहा ते आठ जास्त. तीन किंवा कमी गुण आले, तर एचआयटी नसण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर. अशा पेशंटची अँटीबॉडीची तपासणी पाठवू नका आणि हेपारिनही बंद करू नका. पण ही खात्री माहिती पूर्ण असेल तरच. माहिती अपुरी असली की काय होतं ते काकांच्या तीन गुणांत दिसलं. कागदपत्रं मिळाली की गुण पुन्हा मोजा. प्लेटलेट्स आणखी पडल्या, गुठळी दिसली, की पुन्हा मोजा. गुण हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटमध्ये नीट चालत नाहीत, तिथे रेघेचा आकारच बघा.

पायरी पाचवी: दुसरी कारणं, आपल्या भागातली

चौथा प्रश्न आयसीयूत सर्वांत अवघड, कारण दुसरं कारण जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचा एनएस-१ आणि आयजीएम, मलेरियाचं स्मिअर, लेप्टोची तपासणी हे करूनच पुढे जा. डेंग्यूमध्ये दिवस मोजायचे ते तापाचे. तापाच्या चौथ्या ते सातव्या दिवशी प्लेटलेट्स तळाला जातात आणि मग आपोआप वर येतात. हेपारिन सुरू होऊन एकच दिवस झाला आणि तापाचा पाचवा दिवस असेल, तर उत्तर तक्त्यातच आहे.

औषधांकडे बघा. लिनेझोलिड साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट्स उतरवतं. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, व्हॅन्कोमायसिन, को-ट्रायमॉक्सॅझोल, क्विनीन हेही उतरवू शकतात. अँजिओप्लास्टीनंतर टायरोफिबान दिलं असेल तर काही तासांत आकडा कोसळू शकतो, आणि तो २० हजारांच्याही खाली जातो. डीआयसीसाठी, म्हणजे शरीरभर रक्त गोठून गोठवणारे घटकच संपतात त्यासाठी, पीटी, फायब्रिनोजेन बघा. स्मिअरवर तुटलेल्या लाल पेशी दिसल्या तर टीटीपीचा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या आजाराचा, विचार लगेच करा, त्यात तास मोलाचे असतात. ईसीएमओ (हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशीन), हृदयाला आधार देणारा बलून पंप, भरपूर रक्त चढवणं, यकृताचा आजार, ही कारणं आहेतच.

पायरी सहावी: पेशंटजवळ जा

चादर बाजूला करा. दोन्ही पिंढऱ्यांचा घेर टेपने मोजा. बोटांची टोकं, पायाचे अंगठे बघा, निळसर किंवा गार आहेत का. पोटावर जिथे इंजेक्शनं दिली ती जागा बघा. लाइन असलेला हात सुजलाय का बघा. अचानक बीपी पडलं आणि पोटात किंवा पाठीत दुखतंय, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला रक्तस्राव आठवा. तिथली व्हेन गुठळीने बंद झाल्यावर हे होतं.

डायलिसिसच्या सिस्टरला एक प्रश्न विचारा: "फिल्टर वारंवार जमतोय का?" फिल्टर जमतोय म्हणून हेपारिनचा डोस वाढवत जाणं ही आयसीयूतली नेहमीची प्रतिक्रिया आहे. प्लेटलेट्सही उतरत असतील तर डोस वाढवण्याआधी तक्ता काढा.

गुण मध्यम किंवा जास्त असतील तर सूज असो वा नसो, दोन्ही पायांचं डॉप्लर करा. ज्या हातात सेंट्रल लाइन आहे त्याचंही.

पायरी सातवी: तपासणी आणि तिचा अर्थ

पीएफ-४ अँटीबॉडीची एलायझा, शक्य असेल तर फक्त आयजीजी मोजणारी. ही निगेटिव्ह आली आणि गुण मध्यम असले, तर एचआयटी जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली म्हणजे मात्र आजार सिद्ध झाला असं नाही, कारण हेपारिन घेतलेल्या अनेकांच्या रक्तात ह्या अँटीबॉडी नुसत्याच असतात, काही करत नाहीत. म्हणून रिपोर्टवर "पॉझिटिव्ह" वाचून थांबू नका, ओडीचा आकडा विचारा, म्हणजे अँटीबॉडी किती जोरदार आहेत हे सांगणारं एलायझाचं रीडिंग. बहुतेक ठिकाणी ०.४ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. ओडी १ च्या आत असेल तर खरा आजार असण्याची शक्यता थोडी. २ किंवा त्याहून वर असेल तर ती फार मोठी. काकांचा ओडी २ च्या वर होता. अँटीबॉडी प्लेटलेट्सना खरोखर पेटवतात का, हे दाखवणारी तपासणी म्हणजे सेरोटोनिन रिलीज ॲसे (assay). ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते.

रिपोर्ट येईपर्यंत

मध्यम किंवा जास्त गुण असतील तर रिपोर्टची वाट बघायची नाही. हेपारिन सगळीकडून बंद: चार्टवरून, प्रेशर बॅगमधून, लॉकमधून, डायलिसिसमधून. बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत "हेपारिन नाही" अशी पाटी लावा, कारण पाळी बदलली की फ्लश पुन्हा भरला जातो. साध्या हेपारिनऐवजी क्लेक्सेन द्यायचं नाही, अँटीबॉडी त्यालाही ओळखतात.

नुसतं हेपारिन बंद करून भागत नाही, गुठळ्यांचा धोका चालूच राहतो. दुसरं रक्त पातळ करणारं औषध लागतं, आणि ते कन्सल्टंटने ठरवायचं. यकृत खराब असेल तर अरगॅट्रोबानचा डोस फार कमी ठेवावा लागतो किंवा ते टाळावं लागतं. मूत्रपिंड खराब असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल, तर फोंडापॅरिनक्स चालत नाही. बायव्हॅलिरुडिनचा असर लवकर उतरतो, म्हणून दोन्ही अवयव नाजूक असलेल्यांत ते सोयीचं. फोन करण्याआधी हे दोन रिपोर्ट, पेशंटचं वजन आणि रक्तस्रावाची जोखीम हाताशी ठेवा.

वॉरफरिन सुरू करायचं नाही, प्लेटलेट्स दीड लाखावर येईपर्यंत तरी नाही. ते आधी गुठळी रोखणारं प्रोटीन-सी कमी करतं आणि गुठळी झालेला पाय काळा पडू शकतो. आधीच चालू असेल तर थांबवून व्हिटॅमिन के द्यावं लागतं.

प्लेटलेट्स चढवण्याबद्दल नातेवाईक विचारणारच. डेंग्यूने आपल्या भागात प्रत्येक घराला प्लेटलेटचा आकडा शिकवलाय, कुणी पपईच्या पानांचा रसही घेऊन येतं. त्यांच्यावर चिडू नका, बाजूला बसवून सांगा: "त्यांच्या प्लेटलेट्स गुठळ्यांमध्ये अडकून कमी झाल्यात. वरून दिल्या तर त्याही तिथेच जातील. रक्त वाहायला लागलं किंवा मोठी प्रोसिजर करायची वेळ आली, तर देऊ." काकूंना एवढं पुरलं होतं.

कार्ड

निदान पक्कं झालं की डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या ॲलर्जीच्या रकान्यात हेपारिन लिहा, सोबत तारीख, सर्वांत कमी प्लेटलेट्स आणि एलायझाचा ओडी. अँटीबॉडी साधारण शंभर दिवसांत नाहीशा होतात, त्यामुळे पुढे कधी हृदयाचं ऑपरेशन ठरलं तर त्या सर्जनला ह्या तारखेची आणि आकड्याची गरज पडते. वेगळ्या जाड कागदावर मराठीतही लिहून द्या: "यांना हेपारिन किंवा त्या प्रकारचं इंजेक्शन देऊ नये. अँजिओग्राफी, डायलिसिस किंवा ऑपरेशनपूर्वी हे कार्ड दाखवावं." घरच्यांकडून ते मोठ्याने वाचून घ्या.

काकूंनी ते दोनदा वाचलं, काकांच्या आधार कार्डाच्या पाकिटात सरकवलं, आणि पाकीट बिलांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवलं.